बायांच्या जागेचे निशाण

वडीगोद्रीहून दक्षिणेला चार कोसांवर सावळगाव आहे. गाव लहान, साठ-सत्तर उंबऱ्यांचे, पण गंगेला लागून. त्या काठावर गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. निजामाच्या अमलात या गावाची एक रीत होती. पावसाळ्याचे पाणी ओसरले की रखमाजीने गंगेत उतरून पोहण्या-न्हाण्याच्या जागा ठरवायच्या. त्याने निशाण रोवल्याशिवाय गावातल्या कोणीही पाण्यात पाय घालायचा नाही.

रखमाजी कोळी नव्हता, भोई नव्हता. एका बैलजोडीची शेती करणारा कुणबी. हे काम त्याच्याकडे बापाकडून आले होते आणि बापाकडे आज्याकडून. गंगा दरवर्षी आपला तळ बदलते. औंदा जिथे गुडघाभर पाणी, तिथे पुढच्या साली दोन परस असते. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. गावाला चार जागा लागत. भोपळ्याची सांगड कमरेला बांधून पोरे पोहायला शिकतात ती उथळ जागा, बाप्यांना वरून उड्या टाकायचा डोह, बायांची जागा, आणि सगळ्यांच्या खाली बैल धुवायची. चारही जागा दरसाल नव्याने निवडाव्या लागत.

निवडायची त्याची पद्धत ठरलेली होती. पहिला दिवस तो पाण्यात उतरतच नसे. उगवतीपासून दुपारपर्यंत काठावर बसून फेस कुठे फिरतो, वाहून आलेली काटकी कुठे अडते, कुठे नुसतीच गिरकी घेऊन खाली ओढली जाते, ते बघे. पोरे विचारीत, "काका, तिकडं बगळा उभा हाय की, पाणी कमीच असंल!" रखमाजी म्हणे, "बगळा भरतो दीड शेर, तू भरतो मणभर. तुझ्यासाठी बगळ्याची साक्ष चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तो उतरे. हाताच्या अंतराने तीन फेऱ्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर पावलाला टाच आपटत. डोहात बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणी. खडे आले तर जागा चांगली, काळा गाळ आला तर सोडून द्यायची. काठी मात्र तो वापरत नसे. बाप सांगून गेला होता, काठीने खोली कळते, तळ कळत नाही. तळ टाचेने विचारायचा. मग एरंडाच्या काठ्यांना पांढरी चिंधी बांधून जागेच्या दोन्ही टोकांना रोवायच्या, आणि जिथे जागा संपते तिथे निर्गुडीची फांदी. फांदीच्या पलीकडे जायचे नाही.

एकतीस वर्षे त्याने हे काम केले. या एकतीस वर्षांत निशाणांच्या आत एक माणूस बुडाले नाही. बाहेर तिघे बुडाले, त्यातले दोघे पिऊन उतरले होते. लग्नकार्यात त्याला घरच्या माणसासारखे पुढे बसवीत. पाण्याचा विषय निघाला की तालेवार माणूसही गप्प बसून त्याच्याकडे बघे. रखमाजीला दुसरे काही मोठे नव्हते. शेत बेताचे, मूलबाळ एक मुलगी, ती शहागडला दिलेली. गावात त्याला जी किंमत होती ती त्या चिंध्यांची होती, आणि हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

बाप्यांना तो शिकवी, बायांना त्याची बायको साळूबाई. सावळगावच्या बाया पोहतात याचे आसपासच्या गावांना नवल वाटे. कोरड्या मुलखातून नवी सून आली की दुसऱ्याच वर्षी साळूबाई तिला सांगड बांधून पाण्यात ढकली. भुजंगाची बायको नंदाबाई अशीच आली होती, पार भोकरदनच्या वरून, धावड्याहून. धावड्याला पाणी बघायचे म्हणजे विहिरीत वाकून बघायचे. गंगा पहिल्यांदा दिसली तेव्हा तिने गाडीचे साटे दोन्ही हातांनी धरले होते म्हणे. पहिल्या दिवशी ती काठचा दगड काही केल्या सोडीना.

"अगं सोड की तो दगड!" साळूबाई ओरडली. "दगड काय तुझा नवरा हाय?"

"नवरा तर याच्याहून जल्दी सुटतो, मावशी!" नंदाबाई कुडकुडत म्हणाली, आणि काठावरच्या बाया पोट धरधरून हसल्या.

एका हंगामात ती शिकली. दुसऱ्या हंगामात साळूबाईच्या पुढे जाऊ लागली. साळूबाईला ती मुलीसारखी झाली. पण घरात तिचे दिवस चांगले नव्हते. चार वर्षे झाली तरी कूस उजवली नव्हती. सासू दुर्गाबाई विधवा, एकुलत्या एका मुलावर जीव टाकणारी, तोंडाने फटकळ. भुजंगाला दुसरी करायची, असे ती ओट्यावर बसून चारचौघींत बोले. भुजंग मान खाली घालून ऐके. नंदाबाई हे साळूबाईला हसत हसत सांगायची, पण सांगायचीच.

इंग्रजी सन छत्तीसच्या साली डोहात बुडी मारताना रखमाजीच्या डाव्या कानात काहीतरी फुटल्यासारखे झाले. कान महिनाभर वाहिला. त्यानंतर डोके गार पाण्यात गेले की त्याला गरगरायचे, वर कुठे आणि खाली कुठे तेच कळेनासे व्हायचे. हे त्याने कोणाला सांगितले नाही. साळूबाईने विचारले तेव्हा कानात मळ झालाय म्हणाला.

त्याच्या पुढचा उन्हाळा वाईट गेला. गंगेची धार चऱ्हाटासारखी बारीक झाली. गावाने गंगेच्या वाळवंटात पिण्याच्या पाण्यासाठी मोठा झिरा खोदला, बारा हात रुंद, दोन परस खोल. वाळू ढासळू नये म्हणून आतून तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांचा कूड विणून बसवला. झिऱ्याची जागा रखमाजीनेच दाखवली होती. काठच्या बाभळीपासून वीस पावले, असे त्याच्या डोक्यात पक्के होते. मग मृगापासून जो पाऊस लागला तो भादव्यापर्यंत. पुराने बाभूळ नेली, बाभळीखालचा काठ नेला, बायांची जुनी जागा निम्मी नेली. झिरा गाळाने भरून गेला आणि वरून पाणी फिरले.

अश्विनात पाणी उतरले. फसली सन तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इंग्रजी सदतीस, नुकते लागले होते. कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटेपासून कार्तिकस्नान, म्हणजे त्याआधी निशाणे उभी राहायला हवीत. रखमाजीने पोरांची जागा टाचेने तपासली. मग डोह. पहिली बुडी नीट झाली. दुसरीत त्याला अंधारल्यासारखे झाले, हात मारला तो तळाच्याच दिशेने, आणि तोंडात गाळ गेल्यावर त्याला कळले की आपण खाली चाललोय. कसाबसा वर आला. खडकावर पालथे पडून ओकला. बराच वेळ त्याला उभे राहता आले नाही. आजूबाजूला कोणी नव्हते याचेच त्याला बरे वाटले.

बायांची जागा तेवढी राहिली होती आणि दिवस मावळतीला आला होता. जुनी जागा पुराने खाल्ली म्हणून थोडी खालच्या अंगाला नवी बघणे भाग होते. पाणी तिथे छातीभर, संथ आणि इतके निवळ की तळचे खडे मोजावेत. रखमाजी कडेला गुडघाभर पाण्यात बसला आणि सहा हाती बांबूने त्याने तळ ठोकून बघितला. सात ठिकाणी ठोकला. सगळीकडे खड्याचा कडक आवाज आला. झिऱ्याचा विचार त्याच्या मनात आला नाही असे नाही. पण बाभूळ नव्हती, काठ नव्हता, आणि त्याच्या अंदाजाने झिरा वरच्या अंगाला, खचलेल्या बाजूला राहिला होता. उद्या बाया यायच्या आधी टाचेने बघू, असे म्हणून त्याने एरंडाच्या काठ्या रोवल्या, निर्गुडी खोवली आणि घरी गेला.

रात्री कानाने ताप भरला. जाग आली तेव्हा उन्हे अंगणात आली होती आणि बाया न्हाऊन परत येत होत्या. साळूबाई केस पुसत म्हणाली, "जागा झ्याक निवडली औंदा. तळ कसा फरशीवानी हाय."

रखमाजी अंथरुणात उठून बसला. आता बायांच्या जागेत बाप्याने उतरायचे तर काही कारण सांगावे लागले असते. एक दिवस गेला, चार गेले, पंधरा गेले. काही झाले नाही. बाया अलीकडच्या काठीजवळच न्हात, निर्गुडीपर्यंत कोणी जात नसे. त्यानेही मग तो विचार सोडून दिला.

दिवाळी झाली. नंदाबाईला भाऊ नव्हता, तेव्हा न्यायला मूळ आले नाही आणि तिचे माहेरी जाणे झाले नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईला थंडीताप होता. तिचे करून, शेणपाणी आटोपून नंदाबाई एकटीच उशिरा गंगेवर गेली. तेव्हा बाकीच्या बाया परतल्या होत्या. दुपारी गुराख्याला काठीच्या बुडाशी कोरडे लुगडे घडी करून ठेवलेले दिसले, वर हळदी-कुंकवाची वाटी. बाई कुठेच नव्हती.

गाव काठावर जमला. तिन्हीसांजेपर्यंत पोहणारे बापे शोधत होते. रखमाजी सगळ्यांच्या आधी बायांच्या जागेत उतरला होता. टाच आपटत तो निर्गुडीकडे चालला. फांदीच्या अलीकडे तीन हातांवर टाचेखालचा खड्यांचा थर पापडासारखा मोडला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत मऊ गाळात गेला. आंगठ्याला तुराटी लागली. विणलेली तुराटी, आडवी-उभी. कूड तसाच होता. वर चार बोटे खडे, खाली दोन परस लोण्यासारखा चिखल. त्याने दोन्ही हातांनी पाणी मारत पाय सोडवून घेतला. पोहणाऱ्या माणसाला पाय मोकळे लागतात. पाय धरले गेले तर पोहणे येऊन उपयोग काय?

तो बाहेर आला. काठावर कोणीतरी विचारले, "काय लागलं का, बुवा?"

"न्हाई," रखमाजी म्हणाला. त्याला तेव्हा इतकेच वाटले की आता नको, बाई सापडू दे, मग सांगू.

दुसऱ्या दिवशी गाळातून सुटून धारेने गेलेली बाई अर्ध्या कोसावर खालच्या वळणात सापडली. तोवर गावाने आपला निवाडा करून टाकला होता. पोहता येणारी बाई छातीभर पाण्यात बुडते कशी? मूल नाही, सवत यायची, दिवाळीला माहेर नाही. आणि लुगडे बघा, कसे निगुतीने घडी करून ठेवलेले! रोज प्रत्येक बाई कोरडे लुगडे घडी करूनच ठेवते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. निशाणाच्या आत माणूस बुडत नाही, हे तर गावाला एकतीस वर्षांपासून माहीतच होते. नंदाबाईने जीव दिला, आणि दुर्गाबाईच्या जिभेने तिला द्यायला लावला, असे ठरले.

अंबडहून पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आले. चावडीपुढे बाजेवर बसून त्यांनी पंचनामा केला. कारकून उर्दूत लिहीत होता. रखमाजीला पुढे बोलावले.

"पानी देखनेवाला तूच?"

"जी, साहेब."

"वहाँ खड्डा-बिड्डा कुछ?"

भोवती सगळा गाव उभा होता. भुजंग भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता. रखमाजीच्या तोंडातून शब्द गेले ते असे, "बिलकुल न्हाई, साहेब. पाणी सरळ हाय. म्या सोता उतरून बघितलं."

"तो औरत खुद डूबी," अमीनसाहेब कारकुनाला म्हणाले, आणि कारकुनाने रखमाजीच्या अंगठ्याला शाई लावली.

दहाव्याला नंदाबाईची आई चतुराबाई आली. धावड्याहून भोकरदनपर्यंत पायी, तिथून जालन्याला सर्व्हिस मोटारीने, पुढे दोन दिवस मिळेल त्या गाडीने. वाळलेली, उंच बाई. ती दुर्गाबाईच्या दारात गेली नाही, सरळ रखमाजीच्या घरी आली आणि अंगणात उभी राहिली. साळूबाईने पाणी पुढे केले ते तिने घेतले नाही.

"दादा," ती म्हणाली, "लोक म्हणून राह्यले माझ्या लेकीनं जीव दिला. मला पाण्यातलं काई कळत न्हाई. तुमाला कळतं. एकच सांगा. पाणी चांगलं व्हतं का?"

साळूबाई नवऱ्याकडे बघत राहिली. आत्ताही सांगता आले असते. पण कागदावर अंगठा होता. सांगितले तर अमीन, सांगितले तर गाव, सांगितले तर त्या पांढऱ्या चिंध्या.

"चांगलं व्हतं, ताई," रखमाजी म्हणाला.

चतुराबाईने मान हलवली. मग साळूबाईच्या हातचा तांब्या घेऊन ती घटाघट पाणी प्याली आणि आल्या वाटेने निघून गेली.

त्या हिवाळ्यात दुर्गाबाईच्या ओट्यावर कोणी बसेना. तिने हाक मारली तर बाया ऐकू न आल्यासारखे करीत. भुजंग तिच्या हातचे जेवे, पण तिच्याशी बोलत नसे. एकटा रखमाजीच तेवढा अधूनमधून तिच्या ओट्यावर जाऊन बसे, तिने दिलेली तमाखू खाई आणि उठून येई. गाव म्हणे, बुवाचं मन मोठं.

साळूबाई मात्र एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणे. "नंदीनं जीव दिला न्हाई. जीव द्यायला निघालेली बाई गंगेच्या पूजेला कुंकू घेऊन जाती व्हय?" रखमाजी बैलाकडे जायचे निमित्त करून उठे.

माघात जालन्याच्या बाजारातून आलेल्या माणसाने बातमी आणली. नंदाबाईची धाकटी बहीण सोनूबाई, तिची सोयरीक भोकरदनजवळच्या रामराव नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाशी ठरली होती. ती मोडली. जीव देणाऱ्या घरची पोर नको, असे रामराव म्हणाला.

रखमाजी त्या रात्री जेवला नाही. सकाळी पागोटे बांधले, काठी घेतली. "कुठं निघाले?" साळूबाईने विचारले. "जालन्याला," तो म्हणाला. पाचव्या दिवशी तो धावड्यात चतुराबाईच्या दारात उभा होता.

त्याने सगळे सांगितले. कान, बांबू, झिरा, तुराटी. उभ्यानेच सांगितले, कारण तिने बस म्हटले नाही. सोनूबाई दाराआड उभी होती. चौदा-पंधरा वर्षांची, बहिणीसारखीच बारीक जिवणी.

चतुराबाईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "हे मला सांगून काय व्हतं? रामरावाला सांगा."

रामराव भोकरदनच्या बाजारात भेटला, बैलांच्या रांगेत. माणूस वाईट नव्हता. त्याने रखमाजीला झाडाखाली बसवून घेतले, सगळे ऐकले आणि मग डोक्याचा पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"बुवा, अमीनसाहेबांच्या कागदावर अंगठा कुणाचा?"

"माझा."

"त्याच्यात काय लिव्हलंय?"

"पाणी सरळ व्हतं म्हणून."

"मंग? तवाचा रखमाजी खरा का आताचा? म्या माझ्या भाऊबंदाला कोणता सांगू? ते म्हणतील, म्हातारीनं हातापाया पडून आणला असंल कुणीतरी."

"उन्हाळ्यात पाणी आटल्यावर चला. खोदून दाखवतो."

रामरावाने पटका पुन्हा डोक्याला गुंडाळला. "खोदा तुम्ही. पण मला दाखवून काय फायदा न्हाई. पोराची सुपारी फुटली परवा, दुसरीकडं. आता मागं फिरता येत न्हाई, बुवा. महिनाभर आधी आल्ते तर गोष्ट येगळी व्हती."

चैत्रात गंगा पुन्हा बारीक झाली, बायांची जागा उघडी पडली. रखमाजी फावडे आणि टोपले घेऊन एकटाच वाळवंटात उतरला. दोन दिवस लोकांना वाटले, भाजीची वाडी करतोय. तिसऱ्या दिवशी भुजंग आला.

"काका, काय खोदून राह्यले?"

रखमाजीने हात थांबवला नाही. खाली बघतच त्याने सांगितले. भुजंग उभा राहून ऐकत होता. मग त्याने रखमाजीच्या हातातले फावडे ओढून घेतले. रखमाजीला वाटले, आता तो डोक्यात घालणार, आणि तो तसाच उभा राहिला. भुजंग खाली उतरला आणि खोदू लागला. संध्याकाळपर्यंत वेड्यासारखा खोदत होता. झिरपलेले पाणी कमरेला लागले तेव्हा कूड वर आला, काळा पडलेला, पण वीण शाबूत. एका बाजूला कूड आत दबला होता.

सांगावा गेला तशी आठव्या दिवशी चतुराबाई आली. सगळा गाव वाळवंटात जमला. दुर्गाबाईही आली, काठी टेकत. सहा महिन्यांत ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. तिने खड्ड्यात डोकावून बघितले आणि मग रखमाजीकडे वळली.

"माझ्या दारात सहा महिने कुणी पाण्याचा घोट घेतला न्हाई, भावजी. माझं पोरगं मला 'माय' म्हणायचं ऱ्हायलं. आन् तुम्ही माझ्याच वट्यावर बसून माझीच तमाखू खाल्ली! घास उतरला कसा तुमच्या घशाखाली?"

भुजंगाने येऊन तिचा दंड धरला. "चल, माय," म्हणाला. म्हातारी त्याच्या अंगावर कोसळलीच.

चतुराबाई खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली होती. तिने हात घालून चिखल काढला, बोटांत चोळून बघितला.

"हिच्यात पाय टेकत न्हाई?"

"न्हाई, ताई. जितकं हलावं तितकं खाली जातं."

"मंग तिनं लई हातपाय मारले असतील."

रखमाजीने पागोटे काढून हातात घेतले.

"मारले असतील," तिनेच पुन्हा म्हटले. "जगायलाच मारले असतील." ती उठली, हात लुगड्याला पुसले. "तुम्ही कार्तिकातच बोलले असते दादा, तर म्या एकीलाच रडले असते."

सोनूबाईचे लग्न पुढच्या साली झाले, दोन मुलांच्या बिजवराशी, खानदेशच्या अंगाला. पंचनाम्याचा कागद बदलला नाही. रखमाजी त्यासाठी अंबडला दोनदा जाऊन आला. कारकुनाने सांगितले, प्रकरणाची मिसल बंद झाली, आता कशाला उकरता?

गावाने त्याला वाळीत टाकले नाही की शिवी दिली नाही. रस्त्यात भेटले तर रामराम होत असे. पण अश्विन आला, पाणी उतरले, तरी निशाणाचा विषय कोणी काढला नाही. रखमाजी आपणहून उतरला. कानात मेणाचा बोळा घालून अकरा दिवस तो गंगेत होता. प्रत्येक जागा टाचेने, तीन-तीन वेळा. डोहात बुडी मारताना भोवळ येई, म्हणून खडकाला दोर बांधून तो दोर धरून वर येई. बायांची जागा त्याने लांब वरच्या अंगाला निवडली, जिथे कधी कोणी खोदले नव्हते. काठ्या रोवल्या, निर्गुडी खोवली.

कोजागिरीच्या दुसऱ्या पहाटे बाया आल्या. काठावर बसून त्यांनी तांब्याने अंगावर पाणी घेतले, गंगेला कुंकू वाहिले आणि गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. पोरांना त्यांच्या आया काठावर फिरकू देत नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. चैत्रापासून ती नवऱ्याशी कामापुरते बोलत होती. भाकरी झाली, बैल सोडा, इतकेच. तिने कोरडे लुगडे काठीच्या बुडाशी ठेवले, पदर खोचला.

"म्या टाचेनं बघितलंय," रखमाजी काठावरून म्हणाला. "तीनदा."

"तुम्ही काय बघितलं ते मला सांगू नका." ती घोटाभर पाण्यात थांबली. "म्या वर न्हाई आले तर त्याच दिवशी गावाला सांगा. सहा महिने लावू नका."

ती पुढे चालत गेली, छातीभर पाण्यात, निर्गुडीच्या फांदीपर्यंत. तिथे थोडी उभी राहिली, दोन डुबक्या घेतल्या. तांबे घेऊन बसलेल्या बाया बघत होत्या. साळूबाई बाहेर आली, ओले लुगडे पिळले आणि कोणाकडे न बघता घराकडे निघाली. मागून एकही बाई पाण्यात उतरली नाही.

त्या कार्तिकात महिनाभर ती एकटी तिथे न्हायली. रखमाजी रोज काठावर उभा राहून ती बाहेर येईपर्यंत बघत असे. पौर्णिमा झाल्यावर त्याने काठ्या उपटल्या. पुढच्या साली रोवल्या नाहीत, आणि का रोवल्या नाहीत असे कोणी विचारले नाही. पोलीस ॲक्शन झाली त्या साली तो वारला. सावळगावच्या बाया आता काठावर बसून तांब्यानेच न्हातात. पोहता येणारी गावात एक राहिलेली नाही.